एकाच हँडसेटचे तीन कायदे

सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीपुढे धावणाऱ्या स्वयंसेवकाच्या कमरेला, होटगी रोडच्या एखाद्या लॉनवर केटररच्या मुकादमाच्या हातात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याच्या गेटवर, आखूड काळ्या अँटेनाचा एक वॉकीटॉकी हँडसेट हल्ली कुठेही दिसतो. ऑनलाइन मागवलेला असतो. सिम नाही, रिचार्ज नाही, बटण दाबायचं आणि बोलायचं. विकणाऱ्यानं ‘याला लायसन्स लागत नाही’ असं ठोकून दिलेलं असतं. काही हँडसेटच्या बाबतीत ते खरं आहे, पुष्कळांच्या बाबतीत नाही. गंमत म्हणजे कारखान्याच्या गेटवर जो हँडसेट बेकायदा ठरतो, तोच हँडसेट जुळे सोलापुरात गच्चीवर बसलेल्या एखाद्या ‘हॅम’च्या हातात पूर्णपणे कायदेशीर असतो.

हॅम म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाला. हा हौशी माणूस आणि परवान्याशिवाय बोलणारा माणूस यांच्यात फरक फक्त एका कागदाचा आहे, असं बहुतेकांना वाटतं. तो कागद नेमका कशाचा, हे कळलं की बाकीचे नियम बरेचसे आपोआप उलगडतात.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे वायरलेस यंत्र वापरणंच नव्हे, नुसतं जवळ बाळगणं हासुद्धा परवान्याचा विषय आहे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा या दोन खांबांवर ही इमारत उभी राहिली. साठी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल, घरात साधा रेडिओ ठेवायलाही पोस्टात जाऊन वर्षाची फी भरावी लागे, आणि तिची नोंद एका छोट्या पुस्तकात होई. ऐकण्याच्या यंत्रावरचं हे लायसन्स १९८० च्या दशकात गेलं. पाठवण्याच्या यंत्रावरचं, म्हणजे ट्रान्समीटरवरचं, गेलं नाही. १९३३ च्या कायद्यात परवान्याविना ट्रान्समीटर बाळगल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. या दोन्ही जुन्या कायद्यांची जागा आता २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्यानं घेतो आहे. भाषा बदलली, आकडे बदलले, पण मूळ सूत्र तेच राहिलं: रेडिओ यंत्राला अधिकृत परवानगी हवी, नाहीतर सरकारनं दिलेली सूट हवी.

यातला ‘सूट’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

तुमच्या घरातला वाय-फाय राउटर हाही ट्रान्समीटरच आहे. ब्लूटूथचे इअरफोन, गाडीची रिमोटची चावी, मुलाची रिमोटवरची मोटार, हे सगळे ट्रान्समीटर. यांतल्या कशासाठीच आपण दिल्लीला अर्ज केलेला नाही. कारण सरकारनं फ्रिक्वेन्सीचे, म्हणजे लहरींच्या कंपनसंख्येचे, काही पट्टे मोकळे सोडलेत आणि त्यांवर शक्तीची मर्यादा घातली आहे. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा त्यातलाच. २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा सिटिझन बँड आहे, त्यात ५ वॉटपर्यंत चालतं. आणि वॉकीटॉकीवाल्यांसाठी कामाचा पट्टा म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ. तिथे अर्ध्या वॉटपर्यंतच्या यंत्राला परवाना लागत नाही. यंत्राचा नमुना मात्र सरकारी मान्यतेचा हवा, म्हणजे ‘इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल’ मिळालेला.

म्हणजे इथे सरकार माणसाला काहीच विचारत नाही. तुम्हाला ओहमचा नियम येतो का, अँटेना म्हणजे काय, काही नाही. सगळी अट यंत्रावर आहे. फ्रिक्वेन्सी कारखान्यातच ठरवून टाकलेली, शक्ती कमी. वापरणाऱ्यानं कितीही मनात आणलं तरी त्या यंत्राकडून फारसा उपद्रव होऊ शकत नाही, म्हणून त्याला मोकळीक.

आता तो ऑनलाइन मागवलेला चिनी ड्युअल-बँड हँडसेट बघा. तो साधारण १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० मेगाहर्ट्‌झ, काही नमुन्यांत ५२० पर्यंत, कुठेही बोलू शकतो. कीपॅडवर आकडे दाबा, की यंत्र तिथे जाऊन बसतं. शक्ती ४-५ वॉट. त्या पल्ल्यात काय काय येतं? खाली विमानांच्या संभाषणाच्या पट्ट्याचं टोक, जे १३७ ला संपतं. मग हौशी लोकांचा १४४ ते १४६. पुढे सुरक्षा दलं, सरकारी खाती, समुद्रावरची जहाजं, ज्यांनी पैसे मोजून स्वतःची फ्रिक्वेन्सी घेतली आहे अशा कंपन्या. या यंत्राला अडवणारं आतून काहीच नाही. म्हणून ते ४४६ वर लावून ठेवलं तरी सूट मिळत नाही. सूट अर्ध्या वॉटच्या, तेवढ्यापुरत्याच बांधलेल्या यंत्राला आहे, पाच वॉटच्या मोकाट यंत्राला नाही. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ई-कॉमर्स कंपन्यांना अशा वॉकीटॉकींच्या विक्रीवरून नोटिसा काढल्या, मार्गदर्शक तत्त्वंही आणली. जाहिरातीत फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची गरज स्पष्ट लिहिली नाही तर गिऱ्हाईक फसतं, हा त्यामागचा मुद्दा. माझ्या मते हे बरंच उशिरा सुचलं. दोषाचा मोठा वाटा दोन हजारांना यंत्र विकून मोकळं होणाऱ्याकडे जातो, ते कमरेला लावून फिरणाऱ्या पोराकडे कमी.

मग हॅमच्या हातात हेच यंत्र कायदेशीर कसं?

कारण तिथे हिशोब उलटा होतो. अट यंत्रावर नसते, माणसावर असते. हौशी परवाना पैसे भरून मिळत नाही, परीक्षा देऊन मिळतो. वयाची १२ वर्षं झाली की परीक्षेला बसता येतं, शाळकरी मुलंही पास होतात. दोन विषय: एक रेडिओचं तंत्र, दुसरा नियम. तंत्रात वीज आणि चुंबकत्वापासून सुरुवात, मग ट्रान्समीटर आणि रिसीव्हर आतून कसे असतात, अँटेना, लहरी कशा पसरतात. नियमांत काय बोलायचं, काय नाही, कोणत्या पट्ट्यात किती शक्ती, आणीबाणीचा संदेश कानावर पडला तर काय करायचं. पहिली पायरी ‘रिस्ट्रिक्टेड’, तिला ५० वॉटपर्यंतची मुभा. वरची पायरी ‘जनरल’, तिथे ४०० वॉट, पण त्यासाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारेची भाषा, यावी लागते. जनरलवाल्याचा कॉल साइन, म्हणजे हवेतलं ओळखीचं नाव, व्हीयू-टू नं सुरू होतो, रिस्ट्रिक्टेडवाल्याचा व्हीयू-थ्री नं, पुढे दोन किंवा तीन अक्षरं. ‘व्हीयू’ हे भारताचं अक्षर झालं, विमानाच्या शेपटीवर देशाचं चिन्ह असतं तसलंच.

एकदा माणसाची परीक्षा झाली, की त्याला यंत्राच्या बाबतीत जी मोकळीक मिळते ती दुसऱ्या कोणालाच नाही. तो स्वतः ट्रान्समीटर बनवू शकतो. सोल्डरिंग गन घेऊन, नव्या पेठेतून चार भाग आणून, घरच्या टेबलावर. मोबाइल कंपनीच्या इंजिनिअरलाही स्वतःच्या नावावर हे करता येत नाही. हा अधिकार देताना सरकार धरून चालतं, की या माणसाला आपलं यंत्र नको तिथे सांडतंय का हे मोजता येतं, आणि सांडत असेल तर तो ते बंद करेल.

‘सांडणं’ म्हणजे काय, हे जरा थांबून समजून घ्यायला हवं, कारण परवान्यामागचं खरं कारण तेच आहे. कोणताही ट्रान्समीटर फक्त एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत नाही. मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट जागीही त्याचा अंश निघतो, त्याला हार्मोनिक म्हणतात. १४५ मेगाहर्ट्‌झवर बोलणाऱ्या हँडसेटचा तिसरा हार्मोनिक ४३५ वर पडतो. चांगल्या यंत्रात तो फिल्टरनं दाबलेला असतो, स्वस्तातल्या यंत्रात फिल्टरवरच काटकसर केलेली असते. घरगुती एफएम ट्रान्समीटरची गोष्ट आणखी नाजूक. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्‌झला संपतो आणि त्याला चिकटूनच विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो, ११८ पासून वैमानिक आणि कंट्रोल टॉवरचं बोलणं. गल्लीत भजनं ऐकवायला कोणी फिल्टर नसलेला ट्रान्समीटर गच्चीवर लावला, तर भजन गल्लीत आणि खरखर वैमानिकाच्या कानात, असं होऊ शकतं. सोलापुरातून २०२५ पासून प्रवासी विमानं पुन्हा उडू लागली आहेत, तेव्हा हे आता फक्त मुंबईकरांचं दुखणं नाही.

सोलापूरकराला हे समजवायला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पुरे. विमानांच्या वाटेत येते म्हणून जून २०२३ मध्ये ती पाडली. कोण बरोबर, कोण चूक, यावर इथे चहाच्या टपरीवर अजूनही वाद घालता येतो, त्यात मला पडायचं नाही. पण प्रश्न काय होता? चिमणी कारखान्याच्या स्वतःच्या जागेत होती, अडथळा मात्र सगळ्यांच्या आकाशात होता. ट्रान्समीटरचंही तसंच: यंत्र आपलं, गच्ची आपली, लहर मात्र कंपाउंडशी थांबत नाही. आणि चिमणी निदान दिसते तरी.

सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये हेच कायद्याच्या भाषेत सांगितलं. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेशी झालेल्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालानं ठरवलं, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारच्या एकट्याच्या मालकीची नाही, तशीच ज्याच्याकडे ट्रान्समीटर आहे त्याच्याही मालकीची नाही. या निकालाचा पहिला अर्धा भाग लोकांच्या फार आवडीचा आहे. दुसरा कोणी फारसा उद्धृत करत नाही.

परवान्याशिवाय बोलणारे सगळे एकाच मापाचे नसतात, हेही सांगायला हवं. ‘पायरेट रेडिओ’ म्हटलं की १९६४ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यापलीकडे जहाजावरून गाणी वाजवणारं रेडिओ कॅरोलाइन आठवतं. आपल्याकडे बिहारच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर गावच्या राघव महतो नावाच्या दुरुस्ती कारागिरानं जेमतेम पन्नास रुपयांच्या सामानात एफएम ट्रान्समीटर जोडला आणि काही वर्षं पंचक्रोशीला गाणी, हरवलेल्या पोरांच्या सूचना, स्थानिक बातम्या ऐकवल्या. २००६ मध्ये त्याची बातमी जगभर गेली, आणि बातमी गेली म्हणून सरकारला ते बंद करावं लागलं. त्याच वर्षी केंद्रानं सामुदायिक रेडिओचं धोरण स्वयंसेवी संस्थांनाही खुलं केलं. तोवर ते शिक्षणसंस्थांपुरतं होतं. ज्याला गावाला किंवा पेठेला काही ऐकवायचं आहे, त्याची वाट ही: संस्था म्हणून अर्ज, १०० वॉटपर्यंतचं छोटं केंद्र. हॅमचा परवाना त्यासाठी नाही. हॅमनं गाणं वाजवलं तर त्याचाच परवाना जाईल.

आणि आपल्या इतिहासातलं सगळ्यांत आदरणीय बिनपरवाना स्टेशन मुंबईतलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’च्या धामधुमीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. घोषणा व्हायची: ४२.३४ मीटरवरून, भारतात कुठूनतरी. पोलिसांच्या गाड्या दिशाशोधक यंत्रं घेऊन मागावर, म्हणून जागा सारखी बदलायची. नोव्हेंबरात पकडले गेले, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. यात हॅमचा धागा आहे. दुसरं महायुद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी हौशी परवाने रद्द करून ट्रान्समीटर जमा करायला लावले होते, आणि काँग्रेस रेडिओचा ट्रान्समीटर उभा करणाऱ्यांत नरिमन प्रिंटर हे मुंबईचे हौशी रेडिओवालेच होते. आणखी एक हिशोब करून बघा. तीनशेला लहरीच्या लांबीनं, म्हणजे मीटरनं, भागलं की मेगाहर्ट्‌झ मिळतात. तीनशे भागिले ४२.३४, म्हणजे साधारण सात पूर्णांक शून्य नऊ. आज भारतीय हॅम रोज ज्या पट्ट्यात एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात तो ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झचा, ‘चाळीस मीटर’चा पट्टा. ज्या जागेवर बोलल्याबद्दल तेव्हा तुरुंग होता, तिथे आज परीक्षा पास झालेला आठवीतला मुलगा बोलू शकतो. इंग्रजांनी फाशी दिलेल्या चार हुतात्म्यांच्या या गावात कायदा मोडण्याला नेहमीच वाईट म्हणून चालणार नाही. पण परकी सत्तेनं तोंड दाबलं म्हणून बोलणं आणि जेवणावळीत पापड संपले हे सांगायला पोलिसांच्या पट्ट्यात घुसणं, यात फरक करायला फार बुद्धी लागत नाही.

परवाना मिळाला म्हणजे वाट्टेल ते करा, असं मुळीच नाही. उलट हॅमवर जेवढी बंधनं आहेत तेवढी मोबाइल वापरणाऱ्यावर नाहीत. धंद्याचं बोलायचं नाही. सांकेतिक किंवा कूट भाषा वापरायची नाही, कोणीही ऐकलं तर समजलं पाहिजे. कॉल साइन सांगितल्याशिवाय बोलायचं नाही, वहीत नोंद ठेवायची. तिऱ्हाईताचा निरोप पोचवायचा नाही, आपत्तीची गोष्ट वेगळी. मंडळांना नेमकं हे माहीत नसतं. ‘आमच्यातल्या एकाकडे लायसन्स आहे’ असं म्हणून वीस हँडसेट वाटले जातात. परवाना त्या एकाचा आहे, वीस जणांचा नाही. शिवाय मिरवणुकीची व्यवस्था ही हौशी रेडिओची कामगिरीही नाही. मंडळाला मान्यताप्राप्त ४४६ वाले संच पुरेसे आहेत. अर्धा वॉट ऐकायला कमी वाटतो, पण गर्दीत हातातून हातात बोलताना अर्ध्यात आणि पाच वॉटमध्ये पल्ल्याचा फरक लोक समजतात त्याच्या पासंगालाही नसतो. या फ्रिक्वेन्सीला शक्तीपेक्षा उंची आणि मधल्या भिंती जास्त भोवतात. जाहिरातीतले दहा किलोमीटर सपाट माळावर मिळतील, भवानी पेठेत नाहीत. कारखान्याला, मोठ्या सिक्युरिटी एजन्सीला याहून जास्त हवं असेल तर त्यांच्यासाठी स्वतंत्र परवाना आहे, फ्रिक्वेन्सी नेमून मिळते, वर्षाला शुल्क भरावं लागतं.

जाता जाता मोबाइल बूस्टरचं. फ्लॅटमध्ये रेंज येत नाही म्हणून बाजारातून डबा आणून खिडकीला अँटेना लावणारे कमी नाहीत. तो डबाही बेकायदा ट्रान्समीटरच आहे. तुमची रेंज वाढते आणि टॉवरला गोंगाट ऐकू जाऊन गल्लीतल्या बाकीच्यांची पडते. दूरसंचार खातं अशा बूस्टरविरुद्ध मोहिमा काढतं. वॉकीटॉकीपेक्षा मला याची जास्त धास्ती वाटते, कारण लावणाऱ्याला आपण रेडिओ चालवतोय हेच माहीत नसतं.

इतकी बंधनं पाळून हॅमला मिळतं काय? हल्ली पोरं विचारतात, व्हॉट्‌सअ‍ॅप असताना कशाला? ज्याला निरोप पोचवायचा आहे त्याला काहीच मिळत नाही, हे खरं उत्तर. ज्याला निरोप कसा पोचतो हे बघायचं आहे त्याला मात्र पुष्कळ. चाळीस मीटरसाठी लागणारा डायपोल अँटेना म्हणजे साधारण वीस मीटर तांब्याची तार, दोन टोकांना बांधलेली. एवढ्या तारेवर दिवसा सोलापूरहून पुणे, हैदराबाद असं जवळपासचं बोलणं होतं. सूर्य मावळला की वातावरणातला लहरी शोषणारा खालचा थर विरतो, वरच्या थरावरून लहर परावर्तित होते आणि त्याच तारेवर हजारो किलोमीटरचं येऊ लागतं. मध्ये टॉवर नाही, कंपनी नाही. अंतराळ स्थानकावरचे अंतराळवीरही १४५.८ मेगाहर्ट्‌झवर हौशी लोकांशी बोलतात. इस्रोनं तर २००५ मध्ये हॅमसॅट नावाचा उपग्रह खास हौशी रेडिओसाठी सोडला, तो २०१४ पर्यंत चालला. राजीव गांधी हॅम होते, व्हीयू-टू-आरजी.

आणि मग संकटाची वेळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा धक्का सोलापूरकरांनी अंथरुणात अनुभवला आहे. त्यानंतर हौशी रेडिओवाले त्या भागात पोचले. २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. त्यांनी तिथून निरोप देशभर पोचवले. ‘संकटात उपयोगी पडतं, मग परवाना कशाला?’ असा युक्तिवाद इथे हटकून येतो. पण तेव्हा उपयोगी पडली ती यंत्रं कमी आणि शिस्त जास्त. एक जण बोलतो तेव्हा बाकीचे गप्प बसतात, कमी शब्दांत सांगतात, ऐकू आलं नाही तर काय म्हणायचं हे आधीच ठरलेलं असतं, आणि पलीकडे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर कोण कान लावून बसलंय हे माहीत असतं. ही सवय रोजच्या रिकाम्या गप्पांतून अंगी मुरते. पाचशे नवशिक्यांनी एकाच वेळी बटण दाबलं तर त्या पट्ट्यात नुसती शिट्टी ऐकू येते.

ज्याला यात उतरायचं आहे त्यानं अर्ज दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ पोर्टलवर करायचा. बारावी सायन्सच्या मुलाला अभ्यासक्रम महिन्या-दोन महिन्यांत उरकेल, कॉमर्सवाल्याला थोडा जास्त वेळ. परीक्षेपेक्षा नंतरची पडताळणी अंत बघते, तिथे फायली महिनोन्‌महिने पडून राहिल्याच्या तक्रारी जुन्या हॅम मंडळींकडून हमखास ऐकाल. परीक्षा घेऊन पारखलेल्या नागरिकाला एवढं ताटकळत ठेवणं आणि न पारखलेल्याला दोन दिवसांत घरपोच यंत्र मिळणं, हे काही व्यवस्थेला शोभत नाही. तरी परवाना हातात येईपर्यंत ट्रान्समीटर विकत घेऊ नका, कारण बटण दाबलं नाही तरी बाळगणंच पुरेसं आहे. तोवर इंटरनेटवर जगभरातले हौशी रिसीव्हर फुकट ऐकता येतात. संध्याकाळी सातनंतर एखाद्या भारतीय रिसीव्हरवर ७.० ते ७.२ च्या मध्ये हळूहळू काटा फिरवा. हिंदी, तमिळ, मल्याळम आणि मधूनच मराठीही लागेल, आणि प्रत्येक जण बोलायच्या आधी आपण कोण ते सांगताना ऐकू येईल.